पदराच्या गाठी

सासूबाईंनी माझा पदर धरून वर केला. मुलुंडच्या आमच्या ब्लॉकमध्ये हळदीकुंकवाला बायका जमलेल्या.

"ही बघा आमच्या सूनबाईंची डायरी. सहा गाठी."

विसरू नये म्हणून मी पदराला गाठ मारायचे. सासऱ्यांच्या गोळ्या, इस्त्रीचे कपडे, मुलीची फी. गाठ राहायची, कशाची ते डोक्यातून जायचं.

एका गाठीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "सांग, ही कसली?"

मला आठवेना. खरंच आठवेना.

"खारदांड्याची ना. मासळीबाजारात वाढलेली. डोकं कुठून असणार?"

बायका हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

खारदांड्याला आईच्या मासळीच्या पाटीपाशी बसायचे तेव्हा चार गिऱ्हाइकं एकदम ओरडायची. एकीचं पापलेट कधी दुसरीला गेलं नाही. तेव्हा बरं डोकं होतं. इथे दूध गॅसवर ठेवून खिडकीशी गेले की पातेलं काळंठिक्कर. आळशी म्हणायचे, बेफिकीर म्हणायचे. नवरा म्हणायचा, "माझी पर्वा असती तर लक्षात राहिलं असतं." ते सगळ्यात जास्त लागायचं. पर्वा होती हो, जीव तुटायचा. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. मग नळ बंद करायला विसरायचे. त्यावरून परत बोलणी.

याला एडीएचडी म्हणतात, हे पन्नाशी उलटल्यावर एका डॉक्टरणीने सांगितलं. ऐंशीच्या दशकात आमच्या घरात त्याला एकच नाव होतं, वेंधळी.

त्या दिवशी तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. पहिलीतली. पाण्याची बाटली परत विसरून आलेली. सासूबाईंनी तिला जवळ ओढलं आणि फ्रॉकच्या पट्ट्याला गाठ मारली.

"घ्या. आता हिलाही गाठी लागल्या."

पुन्हा हशा. पोरगी सगळ्यांकडे बघून हसली, अगदी माझ्यासारखी. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, मी पण वेंधळी का गं?"

अंगाची लाही लाही झाली. गाठ नखांनी सुटेना. सगळ्यांसमोर खाली बसले आणि दातांनी सोडवली. मग सासूबाईंकडे वळले.

"आई, माझ्या पदराला हात घातलात, मी हसले. हिला गाठ मारायची नाही."

"अगं, गंमत केली."

"मला नाही वाटली गंमत. मी उगाच हसले."

संध्याकाळी नवरा म्हणाला, "माफी माग." मी मागितली नाही. महिनाभर घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. लग्न मीच ठरवलेलं, माहेरी जायला तोंड नव्हतं. भीती वाटायची. दुसऱ्याच दिवशी दूधही उतू गेलं.

तरी सगळ्यांच्या देखत पदराला सहा गाठी मारल्या आणि मुलीला शाळेत सोडायला निघाले. त्यातल्या पाच कशाच्या होत्या, आज सांगता येणार नाही. सहावी मात्र पक्की लक्षात आहे: माझ्या गाठी मी मारीन, मीच सोडवीन. पोरीच्या पट्ट्याला कुणी हात घातला, तर मला दात आहेत.