मसुद्यावरची हरकत

माझा दोस्त हदगावकडचा. कापूस-सोयाबीन सांभाळून तो मोबाइलवर गावाकडच्या बातम्यांचं चॅनेल चालवायचा. उखडलेला रस्ता, रेशनचं किडकं धान्य, कायम कुलूप लागलेला दवाखाना, असलं सगळं. इंटरनेटवर बातम्या देणाऱ्या साध्या माणसालाही सरकारी चौकटीत कोंबणाऱ्या, नको तो व्हिडिओ उतरवायला लावणाऱ्या कायद्याचा मसुदा आला, तेव्हा मला आधी त्याचीच काळजी वाटली.

मी लातुरात. सरकार हरकती फक्त ईमेलनं घेणार होतं, ज्याची त्यानं मुदतीत पाठवायची. मी मराठीत हरकतीचा नमुना लिहून गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, कसा पाठवायचा तेही समजावलं. खाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. मी येडा, मला वाटलं मोहीम पेटली.

पण आमच्याकडं विरोध म्हणजे निवेदन. माणसं जमवायची, तहसीलदाराच्या हाती कागद द्यायचा, सगळ्यांनी त्या कागदाला एकेक बोट लावून फोटो काढायचा आणि चहा पिऊन घरी जायचं. मंडळींनी माझा नमुना छापून तेच केलं. साहेब म्हणाले, "वर पाठवतो." ग्रुपवर फोटो आला, अभिनंदनं सुरू झाली. मी चिडून विचारलं, "मेल कुणी केला?" तर एका काकांचं उत्तर, "साहेबाच्या हातात देलं की! आता मेल कशाला?" तोवर मुदत सरली होती. त्यांचा राग आला, आणि कीवही आली.

कायदा अजून झालेलाही नाही. पण कुण्या पुढाऱ्याच्या माणसानं दोस्ताला बसस्टँडवर गाठून म्हटलं, "नवा कायदा येऊन राहिला. जपून ऱ्हा." एवढंच. घरी जाऊन त्यानं सगळे व्हिडिओ स्वतःच उडवले.

मी फोनवर ओरडलो, "अरे, कायदा आलाय कुठं?"

"तुला लातुरात बसून बोलायला काय जातंय? मला हितंच राहायचं हाय."



परवा त्यानं एक व्हिडिओ पाठवला. शाळेचं छत गळतंय, पोरं दप्तरं पोटाशी धरून एका कोपऱ्यात बसलीत. तो पूर्वीसारखाच तडतडा बोलत होता, "बघा मंडळी, बघा!" खाली लिहिलं होतं, "तूच बघ. फॉरवर्ड करू नको."

मी एकट्यानंच शेवटपर्यंत पाहिला.