अठ्ठ्यांची जोडी

निपाणीचे तंबाखू व्यापारी भुजबली अण्णा दिवाळीत घरच्यांबरोबर सुपाऱ्या लावून तीन पत्ती खेळत. एका चालीला एकच सुपारी, असा नियम होता. अठ्ठ्यांची जोडी आली की अण्णा पत्ते टाकतच नसत.

चाळीस सालच्या दिवाळीत ती जोडी आली. त्यांचे मेहुणे पद्मराज शांतपणे चाल देत राहिले. बाकीच्यांनी पत्ते टाकले. अण्णांची सुपारी मात्र पडतच राहिली. शेवटची गेली तेव्हा पद्मराजांनी तीन राण्या मांडल्या.

"नशीबच खोटं माझं," अण्णा म्हणाले.

"नशीब कशाला?" मागून बायको राजमती म्हणाली. "मला बघाय आलता, तवाबी कवा उठायचं ते कळलं न्हवतं तुमास्नी."

सगळे हसले. अण्णांनी तिच्याकडेच आणखी सुपाऱ्या मागितल्या.