शेजारच्या खोलीचं डिपॉझिट

काळाचौकीला माझ्या दोन खोल्या, लागून लागून. एकीत मी राहायचे, दुसरी भाड्याने द्यायचे. त्या खोलीत तीन वर्षं एक जोडपं होतं आणि नवऱ्याची आई. भाडं कधी चुकलं नाही. म्हणून काही मी त्यांच्यावर जीव टाकत नव्हते. भिंतीपलीकडे कुणी मोठ्याने हसलं तरी माझं डोकं फिरायचं.

त्याची आई श्रावणात गेली. दिवाळी उलटली तेव्हा बायकोला सातवा लागला होता. आमचा संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याला मिळून एकच. तिथे रांगेत उभं राहून ती घामाघूम व्हायची. त्याने नायगावला आत संडास असलेली खोली बघितली आणि करारात होती तशी महिन्याची नोटीस मला लेखी आणून दिली.

"मावशी, एक तारखेला चावी देतो. तुमच्याकडचं डिपॉझिट त्याच दिवशी तिकडे भरायचंय. तो मालक थांबणार नाही."

"दे रे, माझं काय जातंय," मी म्हटलं.

जात होतं ना. त्याचं डिपॉझिट मी मुलाच्या लग्नात केव्हाच घालवलं होतं. आमच्याकडे सगळे तसंच करतात, नव्याकडून घ्यायचं आणि जुन्याला द्यायचं. पण दोन कुटुंबं खोली बघून गेली, ती तिथे नुकतंच माणूस गेलंय कळल्यावर परत फिरकलीच नाहीत. हे त्याला सरळ सांगता आलं असतं. भाडेकरूसमोर पदर पसरणं मात्र मला जमलं नसतं, मेले असते तरी.

एक तारखेला खाली टेम्पो उभा. ती जिन्याच्या पायरीवर कमरेला हात लावून बसलेली. खोली रिकामी, लादी स्वच्छ पुसलेली. मी चष्मा लावून आत शिरले आणि खोट शोधायला लागले. एका भिंतीला खालच्या बाजूला काजळी धरली होती. आई गेल्यावर दिवा ठेवला होता, त्याची.

"ही भिंत काळी केलीस. रंग काढून दे, मग डिपॉझिटचं बघू."

"मावशी, दिवा तुम्हीच ठेवलात तिथे."

खरंच होतं ते. त्या दिवशी त्याला काही सुधरत नव्हतं. वात दक्षिणेला हवी म्हणून मीच पीठ पसरलं, त्यावर दिवा ठेवला आणि भिंतीशी सरकवला.

"दिवा ठेवला, भिंत जाळायला सांगितली नव्हती," मी म्हटलं. शेजारणी दारात आल्या होत्या, म्हणून आवाज आणखी चढवला. त्याने हात जोडले. त्या जोडलेल्या हातांचीच मला चीड आली. चावी घेतली आणि त्याला वाटेला लावलं.

नायगावची खोली संध्याकाळपर्यंत दुसऱ्याला गेली. सामान कुणा मित्राच्या दुकानात पडलं. बाळंतपणासाठी तिचं नाव इथल्या हॉस्पिटलात घातलेलं, ते तसंच राहिलं. माहेरी आई नाही, तरी आठव्या महिन्यात तिला एसटीत बसवून गावी भावजयीकडे पाठवावं लागलं. हे सगळं मला शेजारणींनी सांगितलं, आणि मी त्यांच्यासमोर तांदूळ निवडत बसले.

दीड महिन्याने नवा भाडेकरू मिळाला. त्याच्या पैशांतून मी ह्याचं डिपॉझिट फेडलं. रंगाचे कापले नाहीत, तेवढा मोठेपणा केला. त्याने पैसे घेतले, सही केली. बाहेर पडल्यावर पिशवीतून बर्फीचा बॉक्स काढला. मुलगी झाली होती. मी दारात उभी राहिले. लाज होतीच, पण खोटं कशाला बोलू, वाटही बघत होते. त्याने शेजारणींना दिली, टोकाच्या घरात दिली, ज्याला तो ओळखतही नव्हता त्या नव्या भाडेकरूच्या हातावरही एक ठेवली. मग जिन्याकडे जाताना माझ्या दारापाशी आला आणि बॉक्सचं झाकण लावलं.