अक्कांनी जगवलेला वड

कुंभकोणमच्या आमच्या गल्लीतल्या अक्का कॉफीसुद्धा हुंगूनच पितात. बायको लेकीकडे गेली आणि तिचा जिवापाड जपलेला बोन्साय वड माझ्या हाती पानं गाळू लागला. कुंडीतून चिलटं उठायची. अक्कांनी माती हुंगली. "अय्यो! दूध?"

"अभिषेकाचं. पायदळी नको म्हणून रोज ओतलं," मी पुटपुटलो.

"देव पचवतो रे, वड नाही!" त्यांनी आंबलेली माती फेकली, कुजकी मुळं कापली आणि कावेरीच्या जाड वाळूत वड लावला.

पालवी फुटताच कुंडी कडेवर घेऊन त्या गल्लीभर मिरवल्या. "बघा, जगला!" काय झालं होतं, असं कुणी विचारलं तर नुसतं "चिलटं" म्हणायच्या. शेवटी मीच म्हणालो, "मी दूध पाजत होतो." गल्ली खो खो हसली. ते हसणं चालू असतानाच मी बायकोला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.