शर्यतीचं शेत
टू-स्ट्रोक गाडीचा निळा धूर नाकात गेला की वीस वर्षांपूर्वीचं अंजूरचं आमचं कापलेलं भातशेत आठवतं. आमच्या मोटारसायकल क्लबकडे पैसे उरले नव्हते. रविवारच्या शर्यतीची तिकिटं खपली तरच तो टिकणार होता. रोलर परवडेना, म्हणून यंत्रमागाचा भंगारातला बीम, म्हणजे सूत गुंडाळायचा जड लोखंडी रूळ, दोर बांधून आम्हीच त्या शेतात आखलेल्या ट्रॅकवर ओढत होतो. मध्येच मी सांगून टाकलं, "सोमवारी बाबा हे शेत गोदामवाल्याला विकतायत." सगळे थांबले. आमचा म्होरक्या हसला, "रविवारी तर तुझाच हाय ना? मंग खेच, शेठ!" आम्ही अंधार पडेपर्यंत खेचलं. शर्यत झाली आणि त्या पैशांतून क्लबने पुढच्या शर्यतींसाठी खारबावला माळ भाड्याने घेतला. बाबांना "विकू नका" असं मी एकदाही म्हणालो नव्हतो, हे मात्र त्या मित्रांना आजही सांगू शकलेलो नाही.