प्लेलिस्टमधली गिरिजामावशी

दिल्लीत मयूर विहारला मेट्रो आली त्याच हिवाळ्यात दामल्यांच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर आला आणि अहिल्याबाईंची सकाळ सरकारजमा झाली. श्रीरंग दामले मंत्रालयात अंडर सेक्रेटरी. घरातल्या सगळ्या कॅसेटी त्यांनी कॉम्प्युटरवर चढवल्या आणि 'प्रभात' नावाची प्लेलिस्ट केली. ती आपली आपणच बदलायची. गाणं एकदा वाजलं की महिनाभर बाहेर. जे सगळ्यांत जास्त दिवस वाजलं नसेल ते सगळ्यांत वर.

"सगळ्यांना समान संधी," श्रीरंग म्हणाले. "वशिला बंद."

अहिल्याबाईंना संधीबिंधी नको होती. रोज पोळ्या लाटताना गिरिजामावशीचं भजन हवं होतं. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती. उरली होती ती घरी भरलेल्या एका कॅसेटमध्ये, मधेच होणाऱ्या कुकरच्या शिटीसकट. ते भजन सोमवारी वाजलं आणि मंगळवारी गायब.

"अहो, मावशी कुठाय?"

"वाजली ना काल? आता पुढच्या महिन्यात."

"हाताने ढकला की आत."

"ढकलता येत नाही. ती लिस्ट नियमाने भरते."

"मग नियम बदला."

"एका मावशीसाठी? उद्या तुझे काका येतील पेटी घेऊन."

"माझ्या माहेरचं माणूस या घरात कधी धड टिकू दिलंय तुम्ही!"

महिन्याने मावशी परतली. भजन संपत आलं होतं, तेवढ्यात शेजारची उत्तरा दारात आली. आवाज थांबवायला गेलेल्या अहिल्याबाईंनी घाईत पुढच्या गाण्याचं बटण दाबलं. मावशी तुटली, सनई सुरू झाली. त्या दिवसभर हळहळल्या. पण दुसऱ्या दिवशी बघतात तर मावशी पुन्हा सगळ्यांत वर!

"शेवटपर्यंत वाजल्याशिवाय ते वाजलं असं धरत नाही कॉम्प्युटर," श्रीरंगांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं.

"अच्छा," अहिल्याबाई म्हणाल्या. निकाल न लागलेली फाइल टेबलावरच राहते, एवढं मंत्रालय त्यांना लग्नापासून पाठ होतं.

मग रोज शेवटची ओळ आली की त्या पिठाच्या हाताने येऊन बटण दाबू लागल्या. बटण पांढरं पडलं, तेव्हा कुठे श्रीरंगांच्या लक्षात आलं.

"हा सरळ गैरप्रकार आहे!"

"नियमात बसतो की नाही?"

बसत होता. श्रीरंगांनी डबा पिशवीत घातला. "पण शेवटची ओळ राहतेच ना रोज?"

"कोण म्हणतं?"

सनईच्या वर आवाज काढून अहिल्याबाईंनी ती ओळ स्वतः म्हटली, पार शेवटपर्यंत. श्रीरंग चपला घालून दारातच थांबले.

"उद्या जरा खालच्या पट्टीत," ते म्हणाले आणि मेट्रोकडे निघाले.