वेळ उपलब्ध झाल्यास

कात्रजच्या तलावाकाठून आम्ही पूर्वी नाकाला रुमाल लावून जायचो. मग त्याचे दिवस पालटले. गाळ निघाला, कडेने चालायला फरशी आली, दिवे आले, बाकं आली, आणि बाकं आली म्हटल्यावर निवृत्त माणसं आलीच. पुण्यात चार माणसं रोज एका बाकावर बसली की पाचव्या दिवशी त्यांचं मंडळ होतं आणि सहाव्या दिवशी त्यात दोन गट पडतात. आम्ही मंडळापर्यंतच थांबलो, याचा मला आजही अभिमान आहे.

मंडळ तलावमित्रांचं. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. मला मराठी टायपिंग येतं हे बोलता बोलता तोंडातून निघून गेलं आणि मी कार्यवाह झाले. अध्यक्ष झाले ते एक गृहस्थ, ज्यांनी कारखान्यात जन्मभर तयार मालाची मापं तपासली होती. आता माल नव्हता, म्हणून ते आम्हाला तपासायचे. सभा सहाची म्हणजे सहाची. सहा वाजून गेल्यावर कुणी आलं तर ते काही बोलायचे नाहीत, नुसते घड्याळाकडे बघायचे, आणि ते बोलण्याहून वाईट होतं.

दर सभेची सुरुवात मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याने व्हायची. ते मी लिहायचे आणि अध्यक्ष वाचायचे. वाचताना त्यांना माझे स्वल्पविराम खटकायचे. त्यावर चर्चा व्हायची. ती चर्चा मी पुढच्या इतिवृत्तात लिहायचे, मग तिच्यावर चर्चा व्हायची. माझी मुलगी हिंजवडीला कामाला जाते. तिच्या ऑफिसात म्हणे सगळे उभ्यानेच मीटिंग घेतात, म्हणजे ती लवकर संपते. मी ही सूचना मांडली. अध्यक्ष म्हणाले, "कार्यवाह, सूचना चांगली आहे. सभासदांच्या गुडघ्यांचं मत घेतलंत का?" आम्ही बसूनच राहिलो, तेही तलावाकडे पाठ करून, कारण त्या बाजूने संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर यायचं.

अशा मंडळाला एक दिवस राज्यभरातल्या तलावमित्रांचं अधिवेशन भरवावंसं वाटलं, यात नवल नाही. तलावाच्या काठावर नवा हॉल झाला होता. त्याची एक अख्खी भिंत काचेची, आणि काचेबाहेर पाणीच पाणी. हॉल पाहून अध्यक्ष खूष झाले आणि म्हणाले, "बाकी आता नियोजनाचं तेवढं बघायचं." त्या 'तेवढं'मध्ये आमचा सगळा हिवाळा गेला.

आमंत्रणं गेली आणि पहिला फोन भंडाऱ्याकडच्या एका गावाहून आला. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. आवाज असा की मी फोन कानापासून लांब धरला.

"मॅडम, आम्ही येऊन राहिलो. पण सत्काराले नाही, ठरावाले."

त्यांच्या गावचा तलाव पूर्वजांनी खणलेला. त्याच्यावर धान पिकतं, त्यात शिंगाडे होतात, मासे होतात. आता तो बुजवून तिथे दुकानांचे गाळे काढायचं गावातल्या काही जणांनी मनावर घेतलं होतं. लवकरच ग्रामसभा होती. बाई आणि गावातल्या बाया विरोध करत होत्या, पण त्यांना उत्तर मिळायचं, तुम्हा चार बायांशिवाय कुणाला पडलंय त्या डबक्याचं? "म्हणून पुण्याच्या अधिवेशनाचा ठराव पाहिजे," बाई म्हणाल्या. "कागद घेऊन उभी राहीन. म्हणेन, घ्या, साऱ्या महाराष्ट्राले पडली आहे."

पुण्याच्या ठरावाला भंडाऱ्यात एवढं वजन असेल हे ऐकून मला गंमत वाटली आणि जरा लाजही वाटली. पुण्यात तर आमच्या ठरावाला आमच्याच बाकावर वजन नव्हतं. पण तिकडे एक तलाव पणाला लागला होता. मी ठरवलं, हा ठराव झालाच पाहिजे.

पहिल्या कार्यक्रमपत्रिकेत ठरावाला वीस मिनिटं होती. मग हॉल मिळवून देणाऱ्यांचा सत्कार घालायचं ठरलं. त्यांचा केला तर चहावाल्यांनी काय घोडं मारलंय, असं खजिनदार म्हणाले. सत्काराला शाल आली, शालीला नारळ आला, नारळाबरोबर दोन शब्द आले, आणि पुण्यात दोन शब्द कधी दोन नसतात. ठराव दहा मिनिटांवर आला, मग पाचांवर, आणि शेवटच्या पत्रिकेत तो तळाशी गेला. पुढे लिहिलं होतं: वेळ उपलब्ध झाल्यास.

मी भडकले. "अहो, आपल्या कार्यक्रमात वेळ कधी उपलब्ध होतो का?"

"नियोजन काटेकोर असेल तर होतो," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "आणि एक वाजता जेवण. त्यात बदल नाही." मग ते थांबून म्हणाले, "ठराव मलाही हवा आहे, कार्यवाह. पण सत्कार गाळले तर पुढच्या वर्षी हॉल मिळणार नाही."

अधिवेशनाच्या सकाळी बाई सगळ्यांच्या आधी हजर. उंच, ताठ, हातात पिशवी, पिशवीत गावातल्या बायांनी दिलेले उकडलेले शिंगाडे. ते त्यांनी माझ्या हातात कोंबले आणि विचारलं, "तलाव कुठं आहे?"

"पडद्यामागे," मी म्हणाले.

खरंच तो पडद्यामागे होता. पडद्यावर चित्रं दाखवायची तर हॉलमध्ये अंधार हवा, म्हणून त्या सुंदर काचेवर जाड, तपकिरी पडदे ओढलेले होते. तलावमित्रांच्या अधिवेशनात तलाव सोडून सगळं दिसत होतं.

"उघडा ना!"

"स्लाइड दिसत नाहीत म्हणतात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या वर्गात मी असते तर बाकावर उभी राहिले असते.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. दीपप्रज्वलनाची वात पंख्याने तीनदा विझवली. पंखा बंद केला तर पाहुण्यांना घाम फुटला. सत्कार झाले, दोन-दोन शब्द झाले. मग एका तज्ज्ञांचं व्याख्यान झालं. त्यांनी आमच्याच तलावाचे फोटो दाखवले, सकाळचा तलाव, संध्याकाळचा तलाव, तलाव आणि पाणकावळा. अंधारात सगळे भारावून बघत होते आणि खरा तलाव चार हातांवर, पडद्याच्या पलीकडे, ऊन खात पडला होता. बाई पहिल्या रांगेत बसून पत्रिकेची घडी करत होत्या, उलगडत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

व्याख्यान संपलं तेव्हा एक वाजत आला होता. बाहेरून मसालेभाताचा वास यायला लागला आणि लोकांनी खुर्च्यांखाली पायांनी चपला चाचपायला सुरुवात केली. अध्यक्षांनी मला खूण केली. आता फक्त आभार, आणि ते मी मानायचे होते.

आमच्याकडे कुठल्याही कार्यक्रमातलं काहीही कापता येतं, पण आभार कापता येत नाहीत. आभारांशिवाय कार्यक्रम संपत नाही, आणि तो संपल्याशिवाय जेवणाच्या हॉलचं दार उघडत नाही. आभार मानणाऱ्याला मध्ये थांबवणं तर फारच असभ्यपणाचं. हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "आभार मानण्यासाठी मी आपल्या सर्वांत लांबून आलेल्या पाहुण्यांना विनंती करते."

अध्यक्षांची भुवई वर गेली. पण पाहुण्याला सगळ्यांसमोर नाही कोण म्हणणार?

बाई आल्या. त्यांनी माईक बाजूला सारला, त्यांना त्याची गरज नव्हती. अध्यक्षांचे आभार मानले, खजिनदारांचे मानले, मसालेभाताच्या वासाचे मानले. लोक हसले. मग त्या म्हणाल्या, "आता ज्याच्या घरी आलो त्या घरधन्याचे आभार मानायचे राहिले. बिचारा सकाळपासून पडद्यामागं उभा आहे." आणि तरातरा जाऊन त्यांनी पडदा ओढला.

भर दुपारचं पाणी एकदम आत आलं. भिंतींवर, छतावर, लोकांच्या चेहऱ्यांवर उजेड हलायला लागला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, सगळे त्या बाजूला वळून बसत होते. मीही बघत राहिले. रोज या तलावाकडे पाठ करून मी त्याच्याबद्दल पानंच्या पानं लिहीत होते.

"असाच आमचाही आहे," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला. "तो बुजवायचा म्हणतात. बुजवू नये, असं तुम्ही म्हणा. एवढंच मागायला आली मी."

मग खजिनदार कुजबुजले, "पण हे पत्रिकेत वेळ उपलब्ध झाल्यास आहे ना?"

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, सावकाश, तयार मालाचं माप बघावं तसं. "एकाला तीन मिनिटं कमी आहेत," ते म्हणाले. "वेळ उपलब्ध आहे. सूचक कोण?"

"मी," मी ओरडलेच.

"अनुमोदक?"

अख्ख्या हॉलने हात वर केले. अनुमोदक एकच लागतो, हे अध्यक्षांनी त्या दिवशी कुणालाच सांगितलं नाही. एक वाजता दार उघडलं.

जेवण झाल्यावर बाई मला घेऊन कठड्यापाशी गेल्या. तिथे पाटी होती, पाण्यात हात घालू नये. ती त्यांनी मोठ्याने वाचली आणि पोट धरून हसल्या. "कसले जी मित्र तुम्ही!" संध्याकाळच्या गाडीने त्या गेल्या, पिशवीत शिंगाड्यांच्या जागी अध्यक्षांच्या सहीचा ठराव.

पुढच्या सभेला अध्यक्ष अधिवेशनाचं इतिवृत्त वाचत होते आणि एका स्वल्पविरामाशी अडले होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. सभेत फोन बंद ठेवायचा नियम आहे. पण नंबर भंडाऱ्याचा होता, आणि त्या दिवशी तिकडे ग्रामसभा होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "स्पीकरवर टाका," ते म्हणाले.

पलीकडे बायांचा गलका चालला होता. त्यातून तो आवाज आला. "तलाव राहिला जी!"

अध्यक्षांनी घसा खाकरला. "बाई, पुन्हा सांगा. इतिवृत्तात शब्दशः घ्यायचं आहे."

"तलाव राहिला!"

"पुन्हा एकदा," अध्यक्ष म्हणाले. मी पेन केव्हाच खाली ठेवलं होतं, आणि ते त्यांना दिसत होतं.